तुला द्यायचे राहिलेले पंधरा दिवस

वहिनी, आईच्या बाजेला तू बांधलेलं घुंगरू आज सकाळपासून नऊ वेळा वाजलं. नऊही वेळा मी आधी जागच्या जागी थांबले, तू उठशील म्हणून. मग ध्यानात आलं आणि मी उठले. तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. पाहुणे पांगले, दादा परवा पलटणीत परत गेला, तुझी सुमन शाळेत गेलीय आणि घरात आई, मी आणि ते घुंगरू एवढेच उरलोय. आईचा आत्ता जरा डोळा लागलाय, म्हणून लिहायला बसले.

मी मिरजेच्या मास्तरांची बायको, मला लिहिता येतं याचा मला भारी तोरा. तरी सहा वर्षांत तुझ्या नावानं एक कार्ड टाकलं नाही. टाकलं ते आईच्या नावानं, आणि शेवटाला एक ओळ, वहिनीस नमस्कार सांगणे. सांगणार कोण? कार्ड वाचून दाखवणारी तूच. स्वतःचा नमस्कार मोठ्यानं वाचायचीस आणि कार्ड खुंटीच्या तारेला टोचून ठेवायचीस. परवा ती तार काढली तेव्हा सगळी कार्डं एकदम हातात आली. प्रत्येकात आईच्या पाठीची चौकशी आहे, आईच्या भुकेची आहे, आईच्या झोपेची आहे. तुझी एकातही नाही.

आईच्या डाव्या अंगावरून वारं गेलं तेव्हा सुमन नुकती धरून उभी राहत होती. म्हणजे एक लेकरू पायावर उभं राहायला आणि आई बाजेवर पडायला एकच गाठ पडली. दादा सरहद्दीवर, वर्षातून दोन महिने यायचा. मी मिरजेत. राहिलीस तू. आई अंगानं दांडगी आणि तू जोंधळ्याच्या ताटासारखी. पहिल्या वेळी तुला आईला कुशीवर वळवताना बघितलं तेव्हा मला वाटलं, आता दोघीही खाली येणार. पण तू आढ्याला बैलाचा कासरा बांधलास, आईच्या उजव्या हातात दिलास, आणि म्हणालीस, आत्याबाई, तुमी ओढा, मी ढकलते. सहा वर्षं तुम्ही दोघींनी ते ओढणं-ढकलणं केलं. कऱ्हाडचा डॉक्टर एकदा आला तेव्हा त्यानं आईची पाठ उघडून बघितली आणि म्हणाला, एक फोड नाही, कोण करतं यांचं? आई माझ्याकडे बघायला लागली, कारण मी जवळ उभी होते. तू चुलीशी होतीस. मी आईचं लुगडं सारखं केलं. त्या डॉक्टरला अजून वाटत असेल की मीच.

वर्षातून दोनदा मी माहेरी यायचे. आले की तू डोक्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचीस, पायावर पाणी घालायचीस, दुसऱ्या दिवशी माझ्या डोक्याला तेल लावून न्हाऊ घालायचीस. मी आईचं अंथरूण झटकायला गेले की हातातनं काढून घ्यायचीस. "आवं वन्सं, चार दिसाच्या तुमी. बसा." आणि मी बसायची. माहेरवाशिणीनं कामाला हात लावला तर घराला कमीपणा, हे मला लहानपणापासून पाठ. सोयीचं असलं की पाठांतर पक्कं राहतं. बसल्या बसल्या जीभ मात्र चालू. आईचे केस का विंचरले नाहीत, गोधडीला वास का येतो, खिडकी का लावलीय. एकदा तुझी आंबील बघून मी म्हणाले, वहिनी, ही आंबील की विणकराची खळ? आणि तू अडवेपर्यंत तांब्याभर पाणी घालून पातळ केली. पहिल्याच घोटाला आईला ठसका लागला, डोळे पांढरे झाले. तू तिला छातीशी धरून पाठीवर थापट्या मारत राहिलीस. श्वास परत आल्यावर मला फक्त एवढंच सांगितलंस, की पातळ तिला गिळवत नाही. मी घाबरले होते, पण माफी काही मागितली नाही. उलट दुपारभर फुगून बसले.

आणि दर खेपेला माझी गाडी पलूसच्या शिवारातनं जायची. तुझं माहेर. मिरज सोडलं की तासाभरात ती उसाची पट्टी यायची, लांबवर गाव दिसायचं, आणि मी लेकरांना म्हणायची, ते बघा, मामीचं गाव. लेकरं हात हलवायची. वर्षातून चार वेळा मी तुझं माहेर बघत होते, आणि तू सहा वर्षांत एकदाही नाही.

असं नव्हतं की तुला कुणी न्यायला येत नव्हतं. तुझा भाऊ ज्ञानू पंचमीला यायचा, दिवाळीला यायचा, मुराळी म्हणून, धुतलेला पटका बांधून. तुझ्या आईला मोतीबिंदूनं दिसेनासं झालं तसा जास्तच यायचा. ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा, आईच्या पायाशी जाऊन विचारायचा, मावशी, नेऊ का चार दिस? आई म्हणायची, ने की बाबा, माझं काय, मी पडून ऱ्हाईन. आता असं म्हटल्यावर कोण नेतंय? तू त्याच्या हातात शेवयांचं गाठोडं द्यायचीस आणि वेशीपर्यंत पोचवून यायचीस. आल्यावर आमच्याकडे न बघता सरळ चुलीशी जाऊन बसायचीस. मी एकदा ते बघितलं आणि मनात म्हटलं, हिचं नाक फार वर झालंय.

हे सगळं मी तुझ्या तोंडावर कबूल करायला हवं होतं. आता कागदाला सांगतेय.

तीन वर्षांमागं पंचमीला बायका जमल्या होत्या. मी मोठ्या तोंडानं सांगत होते, आमच्या वहिनीनं आईचं जे केलं ते पोटची लेक करणार नाही. बायकांनी माना डोलावल्या. तू पानाचं तबक फिरवलंस आणि आत गेलीस. मी मागनं आले तेव्हा तू तवा खरवडत होतीस. वर न बघता म्हणालीस,

"वन्सं, कौतुक ऱ्हाऊ द्या. पंधरा दिस येऊन ऱ्हावा."

मला चटका बसला. रागही आला, कारण खरं होतं. मी तिथल्या तिथं शब्द दिला की दिवाळी झाली की येते, तू पंधरा दिवस पलूसला जा. दिवाळी झाली, लेकराला गोवर आला. माघ आला, मास्तरांकडे पाहुणे आले. पुढच्या उन्हाळ्यात काय झालं ते मला आता आठवतही नाही, म्हणजे कारण किती मोठं असेल बघ. तू एकदाही आठवण दिली नाहीस. फक्त मी आले की एक पिशवी खुंटीला दिसायची. तिच्यात तुझ्या आईसाठी एक लुगडं होतं, सांगलीच्या बाजाराचं, घडीवर पिवळं पडत चाललेलं.

शेवटी गेल्या वर्षी मी आले. लेकरं जावेकडे ठेवून एकटी आले. तू सुमनला न्हाऊ घातलंस, पिशवीत शेवया भरल्यास, आणि मला आईच्या बाजेशी उभं करून सगळं शिकवलंस. कासरा कसा द्यायचा, कुठल्या हातानं कंबर धरायची, घमेल्यात आधी राख घालायची. एस.टी.ला उशीर होत होता तरी दोनदा परत आलीस, एकदा तेलाची बाटली कुठंय ते सांगायला आणि एकदा उगीचच. सकाळच्या गाडीनं गेलीस. जाताना तुझ्या चालीत एक घाई होती, तू नवी नवरी म्हणून आलीस तेव्हाची चाल मला आठवली.

दुपारपर्यंत सगळं ठीक. आई जेवली, माझ्या हातचं दोन घास जास्तच जेवली. मग मी घमेलं घेऊन गेले तशी तिनं लुगडं मुठीत आवळून धरलं. मला वाटलं लाजते. मी समजावलं, चेष्टा केली, मग चिडले. तेव्हा ती बोलली. वारं गेल्यापासून तिची जीभ जड, पण ते वाक्य स्वच्छ आलं.

"लेकीकडनं घाण काढून घिऊ? कुठल्या नरकात जाऊ गं मी?"

लेक द्यायची असते, तिच्याकडनं घ्यायचं नसतं. आईनं माझ्या घरचं पाणीसुद्धा कधी घेतलं नव्हतं, मिरजेला आली की शेजारणीकडनं तांब्या मागवायची. हे मला ठाऊक होतं. पण पोट फुगून दगड झालं तरी ती धरून बसेल हे ठाऊक नव्हतं. दिवस कलला, तिला घाम फुटला, ती कण्हायला लागली. शेजारच्या चंपाकाकूला हाक मारावी हेही सुचलं नाही. मी वेशीवर पळत गेले आणि संध्याकाळच्या गाडीच्या कंडक्टरला हात जोडून सांगितलं, पलूसला शालनला निरोप द्या, आईचं अवघड आहे, निघून ये.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं तू दारात. आदल्या दिवशी गेलेली. सुमन तुझ्या खांद्यावर झोपलेली. तिला खाली ठेवलंस, पिशवी खुंटीला लावलीस, आईकडे गेलीस आणि घमेलं मागितलंस. आई लहान मुलासारखी रडत तुझ्या गळ्यात पडली. मी दारात उभी राहून बघत होते, आणि मला काय वाटलं सांगू? सुटल्यासारखं वाटलं. वाईट वाटलं तेही खरं, पण आधी सुटल्यासारखं वाटलं. दुपारच्या गाडीनं मी मिरजेला परत आले. आल्यावर आळीभर सांगत सुटले की आईला वहिनीशिवाय चालतच नाही. जसं काही हा तुला मिळालेला मान होता.

जाताना तू माझी ओटी भरलीस. दर वेळेसारखी, नारळ, तांदूळ, खण. मी तुला विचारलं, पलूसला आईची भेट झाली ना? तू म्हणालीस, झाली की.

ती कशी झाली ते मला या वर्षी मिरजेच्या दवाखान्यात कळलं. तुझ्या पायाला सूज, दोन पायऱ्यांना दम. तू म्हणत होतीस दगदगीनं होतंय. दादा सुट्टीवर नव्हता. ज्ञानूनंच तुला गाडीत घालून माझ्याकडे आणलं, आईला चंपाकाकूवर सोपवून. डॉक्टर म्हणाले, काळजाची झडप खराब आहे, लहानपणापासून असेल, हिनं वजन उचलायला नको होतं. मी मान डोलावली. रोज किती वेळा आईला उचलत होतीस ते त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. नर्सबाईनं नाव-गाव लिहून घेताना विचारलं, घरी हिला बघायला कोण असतं? साधा प्रश्न होता. मी म्हणाले, हीच बघते सगळ्यांना. ती म्हणाली, ते नव्हे, हिला कोण? मग तिनं ती जागा कोरी सोडली.

तू मात्र त्या लोखंडी खाटेवर खूश होतीस. वन्सं, किती दिसांनी पाठ टेकली, असं म्हणालीस. कुणी हाक मारली तर उठायला नको, याचंच तुला नवल. तरी पलीकडच्या खाटेवरची म्हातारी हलली की तुझी मान आधी वर. एका दुपारी तुझे केस विंचरत होते, सहा वर्षांत पहिल्यांदा, तेव्हा आपण होऊन सांगितलंस.

"आय माझं डोस्कं मांडीवर घिऊन बसली हुती. लय बोलायचं हुतं. पर दिवेलागणीलाच माझा डोळा लागला, तो सकाळीच उघडला. बोलणं ऱ्हाऊनच गेलं बघा."

तुझी आई रातभर तशीच बसून राहिली होती म्हणे, मांडी न हलवता. सकाळी निरोप आला. मी तो निरोप धाडला होता, वहिनी. तू ते बोलताना माझ्या हातात फणी होती आणि तुझं तोंड दुसरीकडे. त्याच वेळी चुकलं म्हणायचं होतं मला. पण मी काय विचारलं? आईची तेलाची बाटली संपली की कुठनं आणायची ते. आठ दिवस तुझ्या उशाशी बसून मी तुझ्याकडनं आईचंच शिकून घेत होते. तूही सांगत होतीस, उजव्या कुशीवर जास्त वेळ ठेवू नका, गरम पाणी आधी आपल्या मनगटावर बघा. मधेच विचारलंस, बरी झाले की पलूसला जाते, तुमी याल न्हवं? मी हो म्हणाले. या वेळी अगदी पोटातनं म्हणाले. पण माझा हो तू आधी इतक्या वेळा ऐकला होतास की तुला त्यातला फरक कळला असेल असं वाटत नाही.

आठव्या दिवशी त्याच खाटेवर तू गेलीस. सवाष्ण गेलीस म्हणून बायका तुझं नशीब वाखाणत होत्या. मला एकेकीचं तोंड दाबावंसं वाटत होतं. ज्ञानू आला, तोच धुतलेला पटका, आणि काखेत माहेरचं हिरवं लुगडं. इतक्या वेळा रिकामा परत गेलेला माणूस, या वेळी त्याला कुणाला नेऊ का म्हणून विचारायचीही गरज नव्हती. तुझी ओटी मी भरली. तू माझी किती वेळा भरलीस त्याला मोजदाद नाही, मी तुझी एकदाच, आणि ती तिरडीवर. तांदूळ पदरात राहीनात, घरंगळायला लागले.

दादा तार मिळून आला तोवर राख गार झाली होती. तेराव्याला ओट्यावर बसून म्हणाला, ती कवा बोललीच न्हाई गं. मी म्हणाले, आपण इचारलं कवा? तो उठून परड्यात गेला. त्याला लागलं असेल. लागू दे. मलाही त्याच वाक्यानं लागलं होतं, म्हणूनच ते तयार होतं. आणि थोडा राग तुझ्यावरही आहे, खोटं कशाला बोलू. एकदा तरी भांडी आदळायचीस. एकदा तरी घमेलं माझ्यासमोर ठेवून चालू पडायचीस. मी तोंडाळ, मला ओरडणारं माणूसच कळतं.

आता ऐक, ज्याच्यासाठी लिहायला बसले ते. तुझ्या आजारपणात आणि दिवसांत आईचं चंपाकाकूनं केलं. तेरावा झाल्यावर तिनं कंबर धरून सांगितलं, बाई, माझ्यानं आता व्हायचं न्हाई, शालन सहा वर्सं कशी करत हुती? मी म्हटलं, मी आहे. लेकरांना घेऊन मास्तर मिरजेत, मी इथेच. घमेल्यात राख घातली आणि आईकडे गेले. तिनं लुगडं मुठीत आवळलं. तेच वाक्य, तोच नरक. मी बाजेशी बसून राहिले. या वेळी वेशीवर पळायला कुणाच्या नावानं पळायचं होतं? सकाळ गेली, दुपार गेली. रात्री तिनं अंथरुणातच केलं आणि मला जवळ येऊ दिलं नाही. मीही उठले नाही, बसल्या जागीच रडले. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मूठ सोडली. डोळे मिटून म्हणाली, कर बाई. एवढंच.

दीड दिवस, वहिनी. जे कधीच होणार नाही म्हणून आम्ही सहा वर्षं तुझ्या गळ्यात बांधलं, त्याला दीड दिवस लागला. मी गेल्या वर्षी आणखी एक रात्र कळ काढली असती तर आईनं तेव्हाही मूठ सोडली असती. तुला उरलेले चौदा दिवस मिळाले असते. दुसऱ्या दिवशी तू तुझ्या आईशी बोलली असतीस.

तुझी झडप त्यानं बरी झाली नसती, डॉक्टरनं मला समजावून सांगितलंय. पण मी झडपेचं बोलत नाहीये.

आता दुपारी दोन तास चंपाकाकू येऊन बसते, मी आत जाऊन आडवी होते. तीच म्हणाली, दोन तासाला माझी कंबर ना करत न्हाई. अशी साधी गोष्ट, घर तिचं भिंतीला भिंत लागून, आणि तुझ्या वेळी कुणाच्या डोक्यात आली नाही. ज्ञानूला कार्ड टाकलंय. या दिवाळीला त्यानं मुराळी म्हणून यायचं. सुमन जाईल, पंधरा दिवस. खुंटीवरची पिशवी तिच्याबरोबर देणार आहे, त्या वेळी द्यायचं राहून तसंच परत आलेल्या लुगड्यासकट. तुझ्या आईला ते पिवळं पडलेलं दिसायचं नाही.

तू गेल्याचं आईला आम्ही तीनदा सांगितलं. दर वेळी ती रडते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. कधी मला चंपा म्हणते, कधी शालन. आज सकाळी अंघोळ घालताना मात्र ओळखलं मला. पाणी मनगटावर बघून घेतलं, तू सांगितलं होतंस तसं. कासरा तिच्या हातात दिला, तिनं ओढलं, मी ढकललं. पाठ पुसून कोरडी केली, फोड नाही अजून. कोरडं लुगडं गुंडाळलं, तेव्हा ती माझा हात धरून शहाण्या माणसासारखी बोलली.

"आता हायेस न्हवं तू? मग शालनला म्हणावं, जाऊन ये पलूसला. लय दिस झालं, आय वाट बघत आसंल तिची."

मी सांगते म्हणाले, आणि तिचं ओलं लुगडं पिळून वाळत घालायला परसात गेले.